फ्यूजच्या पेटीजवळ

दर गुरुवारी साडेसहाला माझं काम एवढंच:
बँडस्टँडच्या मागे, फ्यूजच्या पेटीजवळ
हाताची घडी घालून उभं राहायचं.
गावाने मला रॉक संगीत दिलंय ते असं, पाठमोरं.

समोरून कसे दिसतात कोण जाणे.
मला दिसते वेंडेलच्या शर्टावर पसरत जाणारी घामाची ओल
आणि मार्लिसच्या टाचा. शाळेत ती रसायनशास्त्र शिकवते;
गिटार गळ्यात अडकवली की
पन्नाशीतल्या त्या टाचा जमिनीला टेकत नाहीत.
वेंडेलनेच मंगळवारी माझं तुंबलेलं सिंक मोकळं केलं.
पैसे? म्हणाला, गुरुवारी करंट सांभाळ म्हणजे झालं.

खुर्च्या लोकांनी सकाळीच मांडल्यात.
आमच्याकडे घडीची खुर्ची म्हणजे सातबारा,
एकदा टेकवली की दिवसभर रिकामी असली तरी तुमचीच.
सात महिने बर्फ उपसलेले हे खांदे
आता उघडे, उन्हाने लालबुंद,
डासांनी तर जेवणावळच मांडलीय.
कुणाची तक्रार नाही. नऊ वाजले तरी
सरोवरावरचा उजेड घरी जायचं नाव काढत नाही,
मग माणसांनी तरी का काढावं?

उजवीकडे अग्निशमन दलाचा तंबू.
नव्या होजपाइपसाठी इंपी लाक्सो पेस्ट्या विकतेय,
पाच डॉलरला एक. जाड पारीत बटाटा, कांदा, मांस,
खाण चालू होती तेव्हाची शिदोरी.
खाण मिटली. पारीची मुरड तीच राहिली.

आणि पहिल्या रांगेत, कडेला, रेइनो.
तीस वर्षं जमिनीखाली ड्रिल चालवलं त्याने;
ड्रिल गेलं ते त्याचे कान घेऊन गेलं.
तो लाकडी बाकावर तळहात पालथा ठेवून बसतो,
आजारी वासराच्या पाठीवर ठेवावा तसा.

तिसरं गाणं त्यांचं स्वतःचं,
बर्फ काढणाऱ्या गाडीने टपालपेटी उडवली त्याचं.
ऐन कडव्यात इंपीने दुसरी भट्टी लावली
आणि खट्.

गिटार मेली. मार्लिसचं तोंड उघडंच,
आणि त्यातून येणारा आवाज तिच्या स्वतःच्या आवाजाएवढा,
म्हणजे केवढासा.
सगळं गाव वळून माझ्याकडे पाहू लागलं,
पहिल्यांदाच.

"गाणं की पेस्टी?" मी ओरडले. "एका वायरवर दोन्ही नाही चालायचं!"
इंपीने कमरेवर हात ठेवले.
तिच्या रांगेत अठरा माणसं, अठरांच्या पोटात कावळे.

वेंडेलला मात्र करंट लागत नाही. तो बडवतच राहिला.
मग कुणाचा तरी बूट, मग बाकांवर चढलेली पोरं,
मग रांगेतले अठराही,
अख्खं गाव फळ्यांवर पाय आपटत,
सूर नाही, शब्द नाही, नुसती धडधड
घोट्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून बरगड्यांत.
रेइनोने बाकावरचा हात उचलून बघितला.
पुन्हा ठेवला.
मग दुसराही ठेवला.

इंपीने पुटपुटत भट्टी बंद केली, खूण केली.
फ्यूज बदलायला मला दोन मिनिटं पुरतात.
मी सहा लावली.

मग गिटार आली, टपालपेटी पुन्हा उडाली,
टाळ्या, शिट्ट्या, सगळं रीतसर.
दहाला खुर्च्या बगलेत, झोपलेली पोरं खांद्यावर.
होजपाइपला अजून दोनशे बारा डॉलर कमी आहेत.
उरलेली गार पेस्टी इंपीने माझ्या हातात कोंबली,
रागानेच, पण सगळ्यांत मोठी.

रेइनो माझ्या गाडीशी थांबला होता.
तो जरा जास्तच मोठ्याने बोलतो, पार्किंगभर ऐकू गेलं:
"ते मधलं गाणं," म्हणाला,
"कुणाचं होतं?"