तांदळातला फोन

त्बिलिसीच्या स्टेशन चौकाखाली, भुयारी वाटेत,
एका खोक्यात आम्ही दोघे.
डावीकडे मी. किल्ल्या करतो.
उजवीकडे ओतिया. फोन, कॉम्प्युटर आणि लोकांची गाऱ्हाणी.
मध्ये एक फळी. तिच्यावर त्याचा चहा,
माझ्या कानशीचा भुगा,
आणि सामायिक दिवा, ज्याचं बिल कुणी भरायचं
यावर अकरा वर्षं वाद आहे.

माझ्या धंद्यात प्रश्न एकच : किती नग?
त्याच्याकडे माणसं दबक्या आवाजात बोलतात.
"मी काही केलं नाही," हे पहिलं वाक्य.
"त्यानं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं," हे दुसरं.
"काय विचारलं?"
"ते कुठे वाचलं मी!"
ओतिया बंद करतो, तीसपर्यंत मोजतो,
चालू करतो.
दहातली सात दुखणी इथंच बरी होतात,
आणि त्याचे पैसे कसे मागावेत
हे त्याला अजून जमलेलं नाही.

पासवर्ड विसरलेले कधीकधी चुकून माझ्यापुढे उभे राहतात.
म्हातारा गुरामी तर लॅपटॉपच सरकवून म्हणाला,
"याची एक जोडकिल्ली दे."
मी म्हटलं, ठसा आणा.

मे महिन्यात एका सकाळी लामारा आली.
वर बाजारात हिरव्या आलुबुखारांची चटणी विकते ती.
हातात फोन, फोनवर कोथिंबीर.
"पातेल्यात पडला. ढवळताना.
सुनेला दाखवत होते पोलंडमध्ये, किती दाट हवी ते."

मग काय, रांगेला वाचा फुटली.
उन्हात ठेव. उन्हात मुळीच नको.
मोजे विकणारी त्स्युरी म्हणाली, केस वाळवायच्या यंत्राखाली धर.
एक शिपाई म्हणाला, फ्रीजमध्ये.
का, ते त्यालाही सांगता येईना.
एकमत झालं ते तांदळावर.
ओतिया सांगत राहिला, "चटणी आहे ती, पाणी नव्हे,
आंबट तांबं खातं, आत्ता उघडू दे मला,"
पण फुकटच्या सल्ल्यापुढे
विकतच्या सल्ल्याचं कधी चाललंय?
ऐकावं जनाचं, म्हणतात.
पुढचं अर्धं रांगेत कुणालाच आठवत नाही.

चौथ्या दिवशी परत.
चार्जरच्या भोकात एक दाणा घट्ट बसलेला.
ओतियानं चिमट्यानं तो काढला, फळीवर ठेवला,
मग मागचं झाकण उघडलं.
आत हिरवट गंज, काठाकाठानं.
टोपी काढली नाही त्यानं, पण हात तसा वर गेला.

"आणि तांदूळ?" मी विचारलं.
लामारानं पिशवीतून पातेलं काढलं.
शिलाप्लावी. आमच्याकडे माणूस गेलं की
भात-मटणाचं करतात, ते.
"मयत झालंय ना? मग रीतसर होऊ दे."
आम्ही उभ्यानं जेवलो, रांगेसकट.
शिपायानं दोनदा घेतलं.
मीठ जरा जास्त होतं, आणि मध्येच कुठेतरी
आलुबुखाराची चव.

नवा, म्हणजे कुणाचा तरी जुना, फोन
ओतियानं नव्वद लारीला दिला.
"नंबर सांग, भरून देतो."
सुनेचा आठवेना. मुलाचा आठवेना.
बरण्यावाल्याचा शेवटचा आकडा सात की एक.
"एक पाठ आहे," म्हणाली,
आणि पाढा म्हणावा तसे पाच आकडे म्हटले.
ओतियाचं बोट थांबलं. एवढे आखूड नंबर आता नसतात.
"सुखुमीचा. भिंतीवरच्या फोनचा.
त्र्याण्णव सालापासून कोण उचलतं, देव जाणे."
"लागणार नाही तो."
"माहीत आहे. तू भर."
"नाव काय घालू?"

ती विचार करत राहिली.
मागून कोणी ओरडलं, दोन दिवस झाले,
आवाजच येत नाही हो याचा!
"बाजूचं बटण बघा," ओतिया म्हणाला, मान न वळवता.

नाव नसलं तरी फोन नंबर ठेवून घेतो.
मला हे माहीत नव्हतं.
मी कानस उचलली. पुढे एक मुलगा उभा,
मुठीत काहीतरी.
किती नग, मी विचारलं.