तीळ भिजेल इतकी जागा

ओउलूत जानेवारीत दहाला उजाडतं
आणि तीनच्या आत आवरतं सगळं.
मधल्या वेळात मी पाणी मोजणाऱ्या डब्यांना
गप्प बसायला शिकवते.
पगार त्याचाच मिळतो.

डबे तीन पिढ्यांचे.
म्हातारा आठ बिटांचा, मधला सोळाचा,
आणि परवा आलेला बत्तीसचा, अंगात मस्ती असलेला.
एक आकडा डावीकडून वाचतो, दुसरा उजवीकडून,
पण कुलूप लावल्यावर तिघांच्याही तोंडून
तेच, तस्संच, अगम्य बाहेर पडलं पाहिजे.

म्हाताऱ्याकडे रिकामी जागा दोनशे बाइट.
एक तीळ सात जणांनी खावा
तशी मी ती वाटत बसले,
किल्लीला सोळा, मोजणीला चार,
उरलेल्यात फिरव, मिसळ, उलट, पुन्हा फिरव.
काळ्या ब्रेडचं पीठ मळावं तसं,
फक्त इथे जास्तीचा एक थेंब पडला
की सोळा वर्षांची बॅटरी अकरात संपते.

योर्मा, माझा साहेब, विचारायचा,
पाण्याचा आकडा कोण चोरणार?
सोनं लागून गेलंय का?

मी उत्तर दिलं नाही.
सप्टेंबरात, कुलूप तयार व्हायच्या आधी,
मी तोप्पिलातल्या एका गल्लीत
मांडीवर अँटेना घेऊन गाडीत बसले होते.
दर सोळा सेकंदांनी सगळे मीटर बोलत होते,
तीळ भिजत नव्हता एकाच्याही तोंडात.
तीन नंबरला पाच दिवस शून्य, शून्य, शून्य:
चोराचं पंचांगच.
नऊ नंबरला मंगळवारी आणि शनिवारी सौना.
चौदा नंबरला
रात्री दोनला चार लिटर,
तीनला चार लिटर,
चार वाजून दहा मिनिटांनी चार लिटर.

दाराच्या पाटीवर नाव होतं: ताउनो कॅर्ना.
माणूस पाहिला नव्हता,
पण डॉक्टरच्या आधी मला कळलं होतं.

चाचणी ऑक्टोबरात संपली.
मी नोव्हेंबरातही जात राहिले.
एकदा रात्रीत सहा वेळा.
एकदा भर दुपारी नव्वद लिटर,
नातवंडं आली असतील, किंवा नळ विसरला असेल.
हे मी योर्माला सांगितलं नाही.
कुणालाच नाही.

मग कुलूप बसलं.
तिन्ही पिढ्या एका सुरात अगम्य.
ऑफिसात कॉफीबरोबर केक कापला,
योर्मा म्हणाला, चोख.
किल्ली पाणी खात्याच्या तिजोरीत,
माझ्याकडे नाही, ती व्यवस्थाही माझीच.

घरी जाताना त्या गल्लीत गाडी आपोआप हळू झाली.
अँटेना लावली.
सात-एफ, शून्य-तीन, बी-नऊ, डी-डी...
ताकास तूर नाही.
शेजारच्या दोन घरांचंही तेच.
बरोबर आहे हे.
यासाठीच तर दोनशे बाइटांत
चार महिने कोंबून बसले होते मी.

खिडकीत दिवा होता की बर्फाची चमक,
रस्त्यावरून कळेना.
उतरले. पायऱ्यांवरचा बर्फ बुटाने सारला.
बेल दाबल्यावर लक्षात आलं,
मी कोण म्हणून सांगायचं
हे ठरवायचं राहूनच गेलंय.

आत पाणी सुटल्याचा आवाज आला.
मोजायचं नाही, असं स्वतःला बजावलं.
चार लिटर असावं.