साडी क्रमांक चार

सेमिनरी हिल्सच्या स्टुडिओत मी कपडेपट सांभाळायची
तेव्हाची गोष्ट.
मे महिना, बाहेर सत्तेचाळीस.
आतली थंडी यंत्रांसाठी होती,
आम्ही ती चोरून घ्यायचो.

नायिका गोळीबार चौकातली, इंदुमती हेडाऊ.
मालिकेत तिचं नाव प्रगती.
तेरा भाग, दर मंगळवारी.
प्रगती विणकर, दोनच पोरांची आई,
पिऊन आलेल्या नवऱ्याला एका वाक्यात सुधारणारी.
आणि प्रत्येक भागात एकदा
कॅमेऱ्याकडे वळून योजनेचं नाव घ्यायची,
नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तसं,
लाजत, पण पूर्ण.

वरून कागद यायचा.
पदर खांद्यावर, डोक्यावर नको.
साडी सुती हवी, जुनी हवी, विटकी नको.
म्हणून साडी क्रमांक चारला मी रोज खळ द्यायची,
तिच्या गरिबीला
दोन वेळा इस्त्री करायची.

मग सरकार बदललं.
मालिका तीच, भाग आठवा, कागद नवा.
पदर डोक्यावर. कुंकू ठळक.
किती ठळक, ते कागदात नव्हतं.
टेंभेकर साहेबांनी खिशातून रुपया काढला
आणि तिच्या कपाळाला लावून पाहिला.
सातव्या भागात उंबरा ओलांडून गेलेली प्रगती
आठव्यात त्याच उंबऱ्यावर हळदीची बोटं ओढत होती.
मधल्या आठवड्यात काय झालं,
कोणी विचारलं नाही.
काटोलहून एक पोस्टकार्ड आलं फक्त :
प्रगतीताई जेवतात केव्हा?

खरंच की. वाढते, उष्टी काढते, भाषण करते,
तोंडात घास कधीच नाही.
इंदू साहेबांकडे गेली,
"एक सीन द्या न सर. नुसती भाकर न् ठेचा."
साहेब म्हणाले, जेवणारी बाई बघून
कोणाला काय प्रेरणा मिळणार?

शेवटचा भाग मी तिच्या गल्लीत पाहिला.
शेजाऱ्यांचा टीव्ही ओट्यावर काढलेला,
पोरं नालीच्या काठापर्यंत.
पडद्यावर इंदू मागावर, धोटा छातीशी,
दिव्यांकडे तोंड करून हसणारी.
तिची माय पुढे सरकली.
"धोटा असा नाही धरत वं. सूत तुटते."
"मले मालूम हाय माय.
तुह्यासारखा धरला तं तोंड नाही दिसत."

माय पाहत राहिली.
घरात मागाचा खड्डा तसाच होता.
माग दिवाळीत गेला, जळणाच्या भावानं.
खड्ड्यात कांदे ठेवले होते.

प्रगतीनं हात जोडले. नावं वर सरकली,
माझं 'सुमन' असं चुकलेलं.
साडी क्रमांक चार रजिस्टरात जमा आहे अजून,
खळीनं घडीघडीवर चिरलेली.

टीव्ही आत नेला. मायनं ताट वाढलं.
इंदू जेवायला बसली,
आमच्याकडे पाठ करून.