तिसरी रांग

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेन टेकवलं,
हा एक. आणि हा बघा, दुसरा.
दर्शना हसली. मी मात्र
मनातल्या मनात सीटा मोजायला लागलो.

आमची गाडी लाल, लहान. माणसं आधीच पाच.
मी, दर्शना, इरा, आई,
आणि बारावीसाठी गोंदियाहून आलेला भाचा निहार,
ज्याचे गुडघे दर महिन्याला वाढतात.
इरा अर्धी कुणाच्या तरी मांडीवर, अर्धी हवेत.
मे महिन्यात एसी पुढच्या दोघांपुरताच.
कोराडीहून परत येईतो आईचा पदर ओला,
तिच्या घामानं की नातीच्या, कळत नाही.

"मोठी घ्यावी लागेल," मी म्हणालो.
"हं," दर्शना म्हणाली.
नऊ वर्षांत तिचे बरेच "हं" ओळखू यायला लागलेत.
हा नकाराचा होता, वर साय धरलेला.

मग महिनाभर दुधाच्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब.
हप्ता. त्याखाली निहारच्या क्लासची फी.
त्याखाली तिनं काढलेले दोन पाळणे,
आकडा न लिहिता.
नंदनवनातलं आमचं फाटक तिनं पावलांनी मोजलं,
टाचेला अंगठा लावत लावत.
"येईल आत. पण जास्वंद जाईल."
आई ओट्यावरून म्हणाली,
"माह्यासाठी नका घेऊ बाप्पा मोठी गाडी.
मी काय, डिक्कीतही बसतो."
कुणी हसलं नाही.
ती खरंच बसली असती.

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये टाय लावलेला पोरगा
मायलेज सांगत होता, सनरूफ सांगत होता.
नागपुरात सनरूफ! वरून ऊन काय कमी येतं?
दर्शनानं मधली सीट पाडली,
पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत
तिसऱ्या रांगेत शिरली,
आणि दार लावून घ्या म्हणाली.

दहा मिनिटं.
पोरगा माझ्याकडे बघत होता, मी टायरकडे.

बाहेर येऊन तिनं ओढणी सारखी केली.
"गुडघे छातीला लागतात तिथं.
घेऊ आपण. पण मागं कोण बसणार ते आधी ठरवू,
रंग नंतर."
"निहार," मी म्हणालो. "आई तर नाहीच."
"आई नाही. आणि दर वेळी मीही नाही.
मी मागं दुधाच्या बाटल्या घेऊन,
अन् तुम्ही पुढून आरशात बघत विचारणार,
झोपले का?
तसं नाही जी चालायचं."

लाल गाडीची किल्ली तिच्या हाती मी
एकदाच दिली होती, डेंग्यू झाला तेव्हा.
मेडिकल चौकापर्यंत तिनं ती
एकदाही बंद न पाडता नेली,
आणि मी मागच्या सीटवर आडवा, तापात,
क्लच, क्लच म्हणत होतो.

"एक रविवार तू, एक मी," मी म्हणालो.
तिनं ते घरी येऊन कॅलेंडरवर लिहिलं,
पाळण्यांच्या खाली, तारखेसकट.

लाल गाडी कामठीच्या एका पोरानं नेली.
देण्याआधी सीटखालून निघालं ते असं:
बोरांच्या आठ्या, निहारचा रफ कागद,
आणि ते कानातलं, ज्यावरून
आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.
जास्वंद आता बादलीत आहे. जगेल बहुतेक.

नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवली.
पहिला रविवार तिचा निघाला.
आई पुढं, ऐटीत, पट्टा न लागता लावून घेतलेला.
मी तिसऱ्या रांगेत, गुडघे हनुवटीशी.
इथून रस्ता दिसत नाही,
आपलीच माणसं दिसतात, पाठमोरी,
निहारच्या मानेवरचा नवा कट,
इराची सुटलेली रिबन.
सीताबर्डीच्या सिग्नलला गाडी हळूच थांबली.
क्लच म्हणायचं मी ओठांतच धरलं.

आरशात तिचे डोळे आले, वर, थेट माझ्यावर.
"झोपले का जी?"