लावून घेणे

रात्री साडेआठला मी डबा उघडतो.
पांढरं, जाड, बिनवासाचं मलम,
अर्ध्या किलोचा डबा, दहा दिवसही पुरत नाही.
पिहला टॉवेलवर उभी राहते हात पसरून,
झडतीला उभी केलेली माणसं राहतात तशी.
आई कागदगिरणीत, रात्रपाळीला.
बाहेर केमी, उणे चोवीस,
खाडी गोठून तिच्यावर गाड्यांच्या वाटा पडलेल्या.
आत हीटर हवेतला ओलावा पिऊन टाकतो,
ती संपली की माझ्या बहिणीला पितो.

ती पाच वर्षांची, मी सोळा.
तिला इसब, मला मुरुमं.
तिची कातडी तेलावाचून फाटते
माझी तेलानेच नासते.
एकाच पंगतीत वाढप्याचा हात चुकावा, तसं काहीतरी.
तिच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके,
माझ्या निळ्या अभ्र्यावर पांढरे,
माझं जेल कापडाचा रंग खातं.
आई दोन्ही एकाच दोरीवर टाकते.

आई म्हणते, तुरे, मनाला लावून घेऊ नकोस.
घरात तेवढंच काय ते लावायचं नाही.
बाकी सगळं लावायचं,
सकाळ-संध्याकाळ, पातळ थर, डोळे सोडून.

कोपराच्या खोबणीत झोंबतं.
गुडघ्यामागे जास्त.
ती दातांतून हवा ओढते, आणि मग
"मोजू?"
"मोज."
सुती हातमोज्यातलं बोट माझ्या हनुवटीवर टेकतं,
जिथे हेल्मेटचा पट्टा घासतो, तिथून सुरुवात.
एक. दोन. हा मोठा आहे, ह्याचे दोन धरू?
शाळेत कुणी इतका वेळ बघितलं
तर मी मफलर नाकापर्यंत ओढतो.
याल्मारीने विचारलं होतं, कपडे बदलताना,
पक तोंडावर लागला का रे?
सगळे हसले. मी पण.
सतरा, अठरा, एकोणीस.
एकोणीसला तिच्या पापण्या जड होतात.
खाजेच्या आधी झोप पोचली
की ती रात्र आमची.

मार्चमध्ये जेल लागू पडलं.
मी आरशासमोर दिवा लावून उभा राहू लागलो.
आणि त्या रात्री, अकरावर,
तिचं बोट गालावर नुसतंच फिरत राहिलं.
"बाकीचे कुठे गेले?"
"बरे झाले."
माझ्याकडे अशी बघितली,
की मी तिचे मणी चोरून विकले.
हात गुडघ्यामागे गेला. मी धरला. दुसरा गेला.

मग मी शर्ट काढला
आणि तिच्याकडे पाठ केली.

पाठ मी कुणालाच दाखवली नव्हती.
पोहण्याच्या तासाला पोटदुखीच्या चिठ्ठ्या,
आईची सही मला हुबेहूब जमते.

"अबब!" ती म्हणाली.
दुकानात शिरल्यासारखी म्हणाली.

तिला शंभरापर्यंत येत नाही.
एकोणतीसनंतर ती वीसदहा म्हणाली,
वीसअकरा, वीसबारा,
मी चूक काढली नाही.
वीसचौदाला हात थांबला,
तिथेच, खांद्याच्या हाडाखाली,
आणि श्वास लांब झाला.

हातमोज्यातून मलम पाझरलं पाठीवर.
डॉक्टरीणबाईंना सांगू नका,
तेलकट आहे ते, मला वर्ज्य.
मी बराच वेळ तसाच बसलो.
पुसलं नाही.