साफ केलेलं वजन

मासळीचा कारखाना बंद झाला त्या मार्चमध्ये
मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेखक झाले.
तेवीस वर्षं वजनकाट्याशेजारी उभी राहून
दुसऱ्यांच्या कॉडचे आकडे लिहिले होते.
आता स्वतःचा एकच लिहायचा,
तर पेन्सिल पुढे सरकेना.

शब्दाला किती?
दहा सेंट लिहिले. खोडले. बारा.
बारा म्हणजे फारच झालं,
लोक म्हणतील, काट्यावरची थेल्मा
आता तोंडातून मोती पाडते वाटतं.
आठ लिहिले.
आठाला निदान कुणी हसणार नव्हतं.
बंदरात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते,
न्यूफाउंडलंडचा वसंत म्हणजे एवढाच आवाज.

पहिलं काम चर्चच्या केकविक्रीचं पत्रक. फुकट.
दुसरं, कॅल कीपिंगच्या बोटसफरीची जाहिरात.
"तीन ओळी तर आहेत," तो म्हणाला
आणि अर्धी बादली शिंपले दारात ठेवून गेला.
शिंपले चांगले होते.
वीज कंपनी शिंपले घेत नाही.
भीड भिकेची बहीण, हे मलाही ठाऊक आहे,
पण बहीण बॅग घेऊन राहायलाच आली
की तिला जा कसं म्हणायचं?

एप्रिलात मिसेस पार्डी आल्या.
ॲम्ब्रोझ गेला होता, पेपरात द्यायचं होतं.
"थोडक्यात लिही," म्हणाल्या, "त्याला फार बोलणं आवडायचं नाही."
आणि स्वतः दोन तास बोलल्या.
त्याची बोट, तिचे तीन रंग,
सत्तरच्या वादळात तुटलेलं बोट,
लग्नातला बूट, जो भावाचा होता,
चहात घालायचा तो गुळाचा काळा पाक.
मी सगळं लिहून घेतलं,
रात्री मोजलं: तीनशे चाळीस शब्द.
गुणिले आठ.
सत्तावीस डॉलर वीस सेंट.
बरे होते.

पण त्यात ॲम्ब्रोझ नव्हता.

दुसरा दिवस कापण्यात गेला.
वादळ गेलं, बूट गेला, पाकही गेला
(पाकाचं मला वाईट वाटलं).
तिसऱ्या दिवशी दुपारी कागदावर इतकंच उरलं:

ॲम्ब्रोझ पार्डी, वय एक्क्याऐंशी.
धुकं पडलं की धक्क्यावर जाऊन हॉर्न वाजवायचा,
बाहेर कुणी असो वा नसो.

सोळा शब्द.
एक डॉलर अठ्ठावीस सेंट.

मी हसले, मग हसू थांबलं,
कारण काट्यावरची जुनी वही आठवली.
तिच्यात दोन रकाने असायचे:
अख्खा मासा, आणि डोकं-आतडी काढलेला.
दुसऱ्याचा भाव पौंडाला नेहमी जास्त.
वजन घटायचं, भाव चढायचा,
कारण मधे कुणाचा तरी हात बर्फाच्या पाण्यात
सुरी धरून दिवसभर बधिर झालेला असायचा.
हे मी माझ्याच अक्षरात
तेवीस वर्षं लिहीत आले होते.
आतडी सीगल नेत. त्यांचं बिल कुणी केलं नाही,
पण सुरीचं केलं.

बिलावर शब्द मोजले नाहीत.
नव्वद, असं लिहिलं,
आणि शाई वाळेपर्यंत कागदाकडे पाहिलं नाही.

मिसेस पार्डींनी आधी मजकूर वाचला, उभ्यानेच.
"हॉर्नचं मी सांगितलं होतं तुला?"
"निघताना. बूट घालत होतात तेव्हा."
मग बिल वाचलं.
माझ्या तोंडाशी "साठ दिलेत तरी" आलं होतं,
ते मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं.
"पेपरवाला ओळीला सात घेतो," त्या म्हणाल्या,
"आणि तो तर नुसता छापतो."
बिस्किटांच्या डब्यातून चार विसाच्या नोटा,
उरलेले नाण्यांत, एकेक करून.

शनिवारी कॅल आला, नवी जाहिरात हवी होती.
मी दर सांगितला. आवाज चिरकला.
त्याने हातातल्या बादलीकडे पाहिलं.
"शिंपले मी विकत घेईन," मी म्हटलं, "पौंडाला किती?"
विचार करून सांगतो म्हणाला.
अजून सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी धुकं उतरलं,
शेजारचं कुंपणही दिसेना.
एकही बोट बाहेर नव्हती, मला माहीत होतं.
धक्क्याकडून हॉर्न वाजला,
दमाने, नवख्या हाताचा.
मग थांबून पुन्हा.