खडूची फुली

नोव्हेंबर. ओल्डमला चार वाजताच दिवेलागण.
एनिड स्कोफील्ड, वय एक्क्याऐंशी,
माझ्या क्लिनिकमधली सगळ्यात चिडकी पेशंट,
फोनवर म्हणाली, कानाच्या यंत्राला नवा सेल घेऊन ये.
आमच्या गल्लीचा सिनेमा लागलाय.

कृष्णधवल, बहात्तर वर्षांपूर्वीचा.
कौन्सिलनं एकोणीस वर्षं इथे लागू दिला नव्हता.
आता ज्येष्ठांना तिकिटात सवलत, मध्यंतरात चहा.

पहिला पाऊण तास काहीच घडत नाही.
म्हणजे घडतं एवढंच, की गिरणीतला एक पगार-कारकून
आपल्याला आवडू लागतो.
शेजारच्या पोरीच्या बाहुलीचा निखळलेला हात बसवून देतो,
चर्चच्या गायकांत मागच्या रांगेत उभा राहून
जरासा बेसूर गातो
आणि स्वतःच लाजतो.
मी तर मनातल्या मनात त्याला जेवायला बोलावलं होतं.
मग एका पगाराच्या पाकिटावरून
तो त्या पोराला उतारावर गाठतो. हातात काठी.

कॅमेरा खाली बघतच नाही.
तो खिडक्या बघतो. अकरा खिडक्या, एकेक करून.
कुणी पडदा बोटभर सारलेला,
कुणी पावाला लोणी लावता लावता थांबलेलं,
आणि मग परत लावायला लागलेलं.
माराचा आवाजही काढून घेतलाय.
फक्त माग. खटाक् खट, खटाक् खट.
त्या आवाजात मी वाढले.
इचलकरंजीला तो झोपेतही चालू असायचा,
थांबला की जाग यायची.

सातव्या खिडकीत एनिड.
दोन वेण्या, गालात टॉफी, नजर खाली.
पावणेदोन सेकंद.
त्या चेहऱ्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत म्हणे.

तिनं माझ्या कोटाची बाही ओढली.
आपण कुजबुजतो असं तिला वाटतं; सगळं थिएटर ऐकतं.
"खाली कुणी नव्हतं गं.
रस्त्यावर खडूनं फुली मारलेली.
म्हणाले, फुलीकडे बघ. टॉफी चावू नकोस, चोख.
मी फुलीकडे बघितलं. बस्स."

पडद्यावर तो नळाखाली हात धुतो,
टाय सरळ करतो, तालमीला जातो,
आणि या खेपेस
सुरात गातो.
दिग्दर्शकाचा हात पिरगाळावासा वाटला मला इथे,
आणि मग तोच हात कपाळाला लावावासा.

खाली कुणी नव्हतं.

आमच्या खाली होता.
सिद्राम, कांड्या भरणारा, चौदाचा असेल.
सुताच्या दोन कोनांसाठी विजेच्या खांबाला बांधलेला.
मारत होते बंडाकाका मुकादम,
ज्यांनी मला सायकल शिकवली,
सीट धरून मागं मागं धावत.
मी कठड्यावर, फ्रॉकच्या ओच्यात बोरं.
बिया कुठे थुंकल्या ते आठवतं,
काकांनी मध्येच थांबून घाम टिपला ते,
सिद्रामच्या शर्टाला एक बटण दुसऱ्या रंगाचं होतं ते.
माझा चेहरा आठवत नाही.
हसत होते का? घाबरले होते?
का नुसतीच बोरं खात होते?
एनिडकडे निदान रीळ आहे.

दिवे लागले. "कसा वाटला?"
"छान," म्हणाले मी. दुसरा शब्द सुचेना.
"छान?" एनिड खेकसली. "भयंकर आहे!
पुढच्या वर्षी परत येऊ."

परतीच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
काचेवरचं धुकं बोटानं पुसत
मी तिला सगळं सांगितलं. खांब, बोरं, काकांचा रुमाल.
तिच्याकडे न बघता, एका दमात,
आधी कुणालाच सांगितलं नव्हतं तसं.
ती मान हलवत होती.

मग तिनं कोटाच्या खिशातून यंत्र काढलं.
इंजिन डोकं उठवतं म्हणून बसमध्ये ती काढूनच ठेवते.
मीच तिला तसं सुचवलं होतं, मार्चमध्ये.
कानात बसवलं, शीळ घालू दिली, चाक फिरवलं.
"हं," म्हणाली,
"आता पहिल्यापासून सांग."